गाव आठवतं कुणाला?

डॉर्सेटमध्ये समुद्रालगतच्या एका दरीत टाइनम नावाचं गाव आहे. घरांच्या नुसत्या दगडी भिंती उरल्या आहेत, छपरं कधीच गेली. शाळेची खोली मात्र सावरून ठेवली आहे. आत शिरलं की कोट अडकवायच्या खुंट्या दिसतात, आणि प्रत्येक खुंटीवर एकेका मुलाचं नाव. डिसेंबर १९४३ मध्ये सैन्याला रणगाड्यांच्या सरावासाठी ही दरी हवी झाली. सव्वादोनशेच्या आसपास माणसं नाताळच्या तोंडावर घरं सोडून निघाली. निघताना चर्चच्या दारावर चिठ्ठी डकवली : घरं जपून वापरा, आम्ही परत येणार आहोत. युद्ध संपलं. १९४८ मध्ये सरकारने जमीन सक्तीने आपल्या नावावर केली आणि परत कुणी आलं नाही. आता सरावाला सुट्टी असेल त्या दिवशी पर्यटक येतात, खुंट्यांवरची नावं वाचतात, आणि डोळे पुसत बाहेर पडतात.

टाइनमच्या कहाणीने मीही हललो आहे. पण तिच्यात एक तारीख आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ही शाळा १९३२ मध्येच बंद पडली होती. मुलंच उरली नव्हती. म्हणजे सैन्य यायच्या अकरा वर्षं आधीपासून गाव रिकामं होत चाललं होतं. दुसरी गोष्ट मालकीची. घरं आणि जमीन जमीनदार घराण्याची, गावकरी कुळं. त्यामुळे गाव सोडल्याची भरपाई म्हणून त्यांच्या हातावर पडली ती परसातल्या भाजीपाल्याची किंमत. पॅट्रिक राइट यांनी १९९५ मध्ये या गावावर मोठं पुस्तक लिहिलं. युद्धानंतर वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या गरजेप्रमाणे टाइनमचं चित्र कसं रंगवत नेलं, ते त्यात वाचायला मिळतं. आठवणीला एकच खलनायक हवा असतो, आणि इथे तो रणगाड्यावर बसून आला. ओस पडत जाण्याची आधीची वर्षं त्याच्या धुरळ्यात दिसेनाशी झाली.

ब्रिटनमधल्या गावांच्या आणि नगरांच्या आठवणींचं लेखन अफाट आहे. गल्लीचा इतिहास, गिरणीचा इतिहास, एका पुलाचा, एका बेकरीचा इतिहास. इतक्या बारकाईने स्वतःचं गाव लिहून ठेवणारे लोक जगात फार थोडे असतील. त्यातलं जपावं कोणतं आणि सावधपणे वाचावं कोणतं, याची एक साधी कसोटी मला सापडली आहे. आठवणीत काम आहे का? कुणाच्या हातात कोणतं हत्यार होतं, मजुरी किती होती, पहाटे कोण उठत होतं? हे ज्या आठवणीत आहे ती टिकते. जिच्यात नुसता देखावा आहे, ती पोस्टकार्डासारखी असते, आणि पोस्टकार्ड नेहमी उन्हाच्या दिवशीच काढलेलं असतं.

आधी दप्तर पाहू. इंग्लंडच्या गावांकडे कागदपत्रांची जी श्रीमंती आहे, तिचा हेवा वाटावा. १०८६ च्या डोम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या मोजणीत, तेरा हजारांवर ठिकाणांची नोंद आहे : नांगर किती, डुकरं चारायला रान किती, गिरणीचं उत्पन्न किती. पुढे १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गाव-शिवाराने, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहायची. ही वही चर्चमधल्या भक्कम लाकडी पेटीत राहायची. पुढे त्या पेटीला तीन कुलपं आली. एक किल्ली पाद्र्याकडे, दोन गावच्या कारभाऱ्यांकडे. १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. टेट यांनी या पेटीतल्या कागदांवरच एक पुस्तक लिहिलं, आणि पेटी उघडायची कशी हे हौशी संशोधकांच्या पिढ्या त्यातून शिकल्या.

या दप्तरातले सर्वांत बोलके कागद गरिबांचे आहेत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला नवल वाटलं. १६६२ च्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या मूळ गावावर टाकली. मग परगावात कुणी उपाशी सापडला, की त्याला न्यायाधीशापुढे उभं करून विचारायचे : जन्म कुठला, चाकरी कुणाकडे केली, पुरं वर्ष केली का, पगार काय मिळाला? एका गावात वर्षभर चाकरी झाली की तिथला हक्क लागत असे, म्हणून धूर्त मालक एक्कावन्न आठवड्यांवरच गड्याला रजा देत. गावाने एका माणसाला ढकलून द्यावं म्हणून घेतलेला हा जबाब; आज त्याच माणसाचं सगळं आयुष्य त्या अर्ध्या पानात उरलं आहे. स्वतःच्या हाताने एक ओळही लिहू न शकलेल्या बाईचा आवाज तिथे सापडतो.

१८३६ च्या कायद्यानंतर धर्मकराचे नकाशे तयार झाले. शेतन् शेत, त्याचा मालक, कूळ, आणि शेताचं नाव. आपल्याकडे शिवारातल्या प्रत्येक टेपाला, पट्टीला नाव असतं, तसंच तिथेही. गावापासून लांबच्या, जाऊन येताना जीव मेटाकुटीला यावा अशा शेताला लोक ‘बॉटनी बे’ म्हणत, कारण ऑस्ट्रेलियात त्या नावाच्या किनाऱ्यावर कैद्यांना पाठवायचं ठरलं होतं. एका नावात गावच्या मजुराची दमणूक आणि साम्राज्याचा नकाशा दोन्ही आले.

आणि जनगणना. १८०१ पासून दर दहा वर्षांनी, १८४१ पासून घरटी नावांसकट. त्या वह्या चाळणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द कायम असतो : ‘ॲग लॅब’. शेतमजुराला इंग्रजीत जो लांबलचक शब्द आहे तो गणनेचा कारकून प्रत्येक ओळीत कुठवर लिहिणार? त्याने त्याचे दोन तुकडे केले. पानामागून पान ॲग लॅब, ॲग लॅब, मध्येच एखादा लोहार, एखादी लेस विणणारी. आपले पूर्वज शोधायला निघालेल्या हजारो इंग्रजांना राजे-सरदार भेटत नाहीत, हा भेटतो. गणनेची घरोघरची माहिती शंभर वर्षं गुप्त राहते. १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ चे कागद मात्र डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाले, बाँबमुळे नव्हे, गोदामातल्या साध्या आगीत. १९४१ मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच केलेली एक घाईची नोंद सोडली, तर १९२१ ते १९५१ हा तीस वर्षांचा पट्टा कोरा आहे. म्हाताऱ्यांच्या आठवणींचं मोल इथे कळतं. ज्या काळात सगळ्यांत जास्त गावं आणि गल्ल्या उलथल्या, त्याच काळाची घरोघरची मोजणी हाती नाही.

कागद असले म्हणजे इतिहास होतोच असं नाही. फार काळ गावाचा इतिहास म्हणजे वाड्याचा इतिहास होता. पाद्री, वकील आणि जमीनदार यांच्यातले हौशी लोक लिहिणारे; मग मालकी कुणाकडून कुणाकडे गेली, चर्चमधलं थडगं कुणाचं, पाद्री नेमायचा हक्क कुणाचा, एवढंच यायचं. १८९९ मध्ये सुरू झालेला व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी हा प्रचंड प्रकल्पही सुरुवातीला त्याच वाटेने गेला. तांबड्या बांधणीचे त्याचे दोनशेहून जास्त खंड झाले आणि काम अजून पुरं झालेलं नाही. मला या चिकाटीचं कौतुक आहे. आपल्या इतिहासकार राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्याच पिढीचा हा ध्यास.

वळण दिलं ते डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी. हा एक्सेटरच्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. १९४८ मध्ये लेस्टरच्या कॉलेजात त्यांच्यासाठी इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि १९५५ मध्ये त्यांनी इंग्लंडचं भूदृश्य कसं घडलं यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं सोपं होतं : कागद वाचा, मग बूट चढवा आणि चालत सुटा. कुरणातले उंचवटे म्हणजे मध्ययुगातल्या नांगराचे तास, गवताखालचे चौकोन म्हणजे विस्कटलेलं गाव, वाकडी वाट म्हणजे जुन्या बांधाला घातलेला वळसा. यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या ओसाड मध्ययुगीन गावात १९५० पासून चाळीस वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्खनन चाललं. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्याबरोबर शेकडो हौशी हातांनी तिथली माती उकरली. हॉस्किन्सना स्वतःच्या काळाचा मात्र मनस्वी तिटकारा होता. पुस्तकाच्या शेवटी ते विमानतळ आणि काँक्रीटवर असे तुटून पडतात, की अभ्यासकाच्या अंगरख्यातून शोक करणारा माणूस बाहेर येतो. माझ्या लेखी तो दोष नाही. त्या दुःखानेच त्यांना एवढं चालवलं.

आता आठवणींकडे. जॉर्ज स्टर्ट हा सरेमधल्या फार्नम गावचा. वडिलांमागे चाकं आणि गाड्या बनवायचा कारखाना त्याच्या गळ्यात पडला. १९१२ मध्ये त्याने बदलत्या खेड्यावर लिहिलं. नंतर तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आला. दोघांनी एकमेकांचं वाचलं असण्याचा प्रश्नच नाही. पण कारागिराला गावात जागा का उरत नाही हे दोघेही एकाच वेळी पाहत होते. १९२३ चं स्टर्टचं पुस्तक तर निव्वळ सुतारकामावर आहे. तुंब्याला एल्म, कारण तो चिरत नाही. आऱ्यांना ओक, कारण तो वाकत नाही. बाहेरच्या घेराच्या तुकड्यांना ॲश, कारण तो धक्के खातो. लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. लाकूड तोडल्यावर वर्षानुवर्षं वाळत ठेवायचं, म्हणजे बापाने रचलेलं लाकूड मुलाच्या हाती यायचं. आसपासच्या कोणत्या शेतातली वाट किती रुंद, माती किती चिकट, यावर गाडीचं माप ठरे. कारखान्यात बनणारी गाडी कुठल्याच मातीची नव्हती. स्टर्टला हळहळ वाटते, पण ती त्याने लाकडाच्या रेषांत मुरवून सांगितली आहे, म्हणून ती खरी वाटते.

फ्लोरा थॉम्प्सनचंही तसंच. ऑक्सफर्डशरमधलं ज्युनिपर हिल ही पाथरवटाची मुलगी फ्लोरा हिची वाडी. तिथलं बालपण तिने साठी ओलांडल्यावर १९३९, १९४१ आणि १९४३ अशा तीन पुस्तकांत लिहिलं. इंग्लंडवर बाँब पडत असताना लोकांनी ती पुस्तकं छातीशी धरली, आणि नंतर टीव्हीने त्यांना गुलाबी चौकट दिली. मूळ पुस्तकात आठवड्याची मजुरी दहा शिलिंग आहे. घरामागच्या खुराड्यातलं डुक्कर हे कुटुंबाचं खरं भांडवल. मुलं शाळेतून येताना त्याच्यासाठी पाला खुडून आणतात, रविवारी बाप्ये लोक एकमेकांच्या डुकराची पाठ खाजवत उभे राहतात, आणि मारायच्या दिवशी घरात सण असतो. पीठवाल्याकडून कोंडा उधार घेतलेला असेल, तर अर्धं डुक्कर आधीच त्याचं. हे वाचल्यावर ती पुस्तकं गोड आहेत असं म्हणवत नाही.

पण या प्रकारातला माझा सर्वांत आवडता माणूस म्हणजे जॉर्ज यूअर्ट इव्हान्स. साउथ वेल्सच्या कोळसा खोऱ्यात, दुकानदाराच्या घरी, १९०९ मध्ये जन्मलेला. १९४८ मध्ये बायकोला सफकमधल्या ब्लॅक्सहॉल गावी शाळेत नोकरी मिळाली म्हणून तो तिथे आला. ऐकू कमी येऊ लागलेलं, नोकरी नाही, मुलं सांभाळणं आणि लिहिणं एवढंच. शेजारी म्हातारी माणसं. तो त्यांच्याशी बोलत बसू लागला. मेंढपाळाच्या, गवत कापणाऱ्यांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत होते, ते त्याला कुठेतरी वाचल्यासारखे वाटू लागले. सोळाव्या शतकातल्या थॉमस टसरच्या शेतीवरच्या पद्यात, त्याहून मागे चॉसरमध्ये, तेच शब्द सापडले. घोड्याने ओढायच्या नांगराबरोबर चारशे-पाचशे वर्षं चालत आलेली भाषा या लोकांच्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टरखाली चालली होती. १९५६ च्या त्याच्या पुस्तकाचं नावच सांगतं, की गवत कापणाऱ्यांना विचारा. त्या पुस्तकात मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा आहेत, घरची रोटी भाजायची भट्टी आहे, कापणीच्या टोळीचा नायक निवडायची आणि मालकाशी भाव ठरवायची रीत आहे. इव्हान्स परका होता, हे त्याला उपयोगी पडलं. गावच्या माणसाने जे विचारलंच नसतं, ते त्याने विचारलं.

रोनाल्ड ब्लाइदचं १९६९ चं ‘एकनफील्ड’ अधिक गाजलं. हे सफकमधलं काल्पनिक नावाचं गाव. माणसांनी आपलं जिणं स्वतःच्या तोंडाने सांगितल्यासारखी मांडणी. १९७४ मध्ये पीटर हॉल यांनी गावकऱ्यांनाच घेऊन त्याचा सिनेमा केला. मौखिक इतिहासवाल्यांनी आक्षेप घेतला, की मुलाखती ब्लाइदने स्वतःच्या भाषेत पुन्हा घडवल्या आहेत. आक्षेप रास्त आहे. तरी पहिल्या महायुद्धाआधीच्या शेतमजुराची भूक त्या पानांतून जशी अंगावर येते, तशी कुठल्या तक्त्यातून येत नाही. ब्लाइद शंभरी गाठून जानेवारी २०२३ मध्ये गेले.

या सगळ्या साहित्याला सर्वांत अवघड प्रश्न विचारला तो वेल्समधल्या पँडी गावच्या रेल्वे सिग्नलवाल्याच्या मुलाने, रेमंड विल्यम्सने. १९७३ च्या त्याच्या पुस्तकात तो एक प्रयोग करतो. अमुक लेखक म्हणतो, जुनं खेडं नुकतंच गेलं. बरं, त्याच्या आधीच्या पिढीचा लेखक पाहू. तोही म्हणतो नुकतंच गेलं. आणखी मागे जा, आणखी मागे. सरकत्या जिन्यावर उभं राहावं तसे आपण मध्ययुगात पोचतो, आणि तिथेही कुणीतरी जुने चांगले दिवस आठवत बसलेलं असतं. मग खरं गाव होतं कधी? विल्यम्सचं उत्तर असं, की प्रत्येक पिढीचं रडणं खोटं नाही, पण ते वेगवेगळ्या गोष्टींसाठी आहे. कशासाठी ते दर वेळी तपासा. तेव्हाच्या नॉर्थॅम्प्टनशरमधल्या हेल्पस्टनचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर रडतो तेव्हा त्याचं कारण तारखेसकट देता येतं. १८०९ मध्ये त्याच्या गावाच्या सामाईक जमिनीला कुंपण घालायचा कायदा संसदेने केला. जिथे तो गुरं राखत होता, सरपण आणत होता, तिथे जायला मनाई झाली. त्याच कुंपणाची झुडपं आज कुणी तोडली, तर जुनं इंग्लंड नष्ट झालं म्हणून लोक निदर्शनं करतात. दोन्ही वेळचं दुःख खरं आहे.

खेड्यांवर इतकं लिहिलं गेलं, पण १८५१ च्या गणनेतच निम्म्याहून जास्त इंग्लंड शहरवासी झालं होतं. तेव्हा बहुतेक ब्रिटिश माणसांचं गाव म्हणजे विटांच्या एकाला एक लागून असलेल्या घरांची गल्ली. लँकेशरमधली गिरणी-नगरं वर्षातून एकदा, प्रत्येकाचा आठवडा ठरलेला, सारी यंत्रं थांबवून ब्लॅकपूलच्या समुद्रावर लोटत. तिथेही गल्लीतलेच शेजारी भेटत. घरापुढची पायरी बाया दगडाने घासून पांढरी करीत. ही पांढरी पायरी आठवणींच्या प्रत्येक पुस्तकात आहे. रॉबर्ट रॉबर्ट्सच्या आईचं सॅल्फर्डमध्ये कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. १९७१ मध्ये त्याने त्या वस्तीवर लिहिलं, आणि पुस्तकाला एंगेल्सने त्याच भागासाठी वापरलेले शब्द नाव म्हणून दिले. दुकानाच्या फळीआडून पाहणाऱ्या पोराला सगळं दिसतं : उधारी कुणाची किती, सोमवारी नवऱ्याचा रविवारचा सूट गहाण कोण टाकतं आणि शनिवारी कोण सोडवतं, गल्लीत कुणापेक्षा कुणाची पत वरची. पायरीची सफेदी ही त्या पत-प्रतिष्ठेचीच निशाणी होती. सगळे गरीब एकदिलाने राहत ही कल्पना त्याने शांतपणे मोडली, आणि तरी त्या बायांबद्दलचा आदर वाढवला.

लंडनच्या बेथ्नल ग्रीनमध्ये मायकल यंग आणि पीटर विल्मट यांना १९५७ मध्ये दिसलं, की लेकीचं घर आईपासून दोन-तीन गल्ल्यांवर असतं आणि सगळा संसार त्या वाटेवर चालतो. गल्ली पाडून लोकांना दूरच्या नव्या वसाहतीत नेलं. न्हाणीघर मिळालं, आई लांबली. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या तोंडून ऐकायला मिळतात, आणि ती खोटं बोलत नसते.

डरम काउंटीत तर सरकारी कागदाने गावांना वर्ग दिले. १९५१ च्या विकास आराखड्यात शंभराहून जास्त खाण-गावं ‘ड’ वर्गात पडली. अर्थ असा, की खाण संपत आलेली, तेव्हा नवं घर नाही, सोय नाही, गाव हळूहळू मिटू द्यायचं. पुष्कळ गावांनी झगडून जीव वाचवला. सत्तरच्या दशकात धोरण मागे पडलं. त्याच काळात फ्रँक ॲटकिन्सन नावाचा माणूस बीमिश इथे खुलं संग्रहालय उभारत होता. निवडून घ्यायचं नाही, लोक देतील ते सगळं घ्यायचं, ही त्याची रीत : सहकारी दुकानाची गल्ल्यापासून फळ्यांपर्यंतची सामग्री, खाणकामगारांची अख्खी घरांची रांग दगड मोजून आणून पुन्हा रचलेली.

पण डरमची आठवण मला संग्रहालयाहून जास्त मिरवणुकीत दिसते. १८७१ पासून दर उन्हाळ्यात खाणकामगारांचा मेळा भरतो. प्रत्येक खाणीचा रेशमी ध्वज, मागे पितळी वाद्यांचं पथक, त्यामागे गाव. वर्षात खाणीत कुणी दगावलं असेल, तर ध्वजाला काळं कापड. काउंटीतली शेवटची खोल खाण १९९३ मध्ये बंद झाली. ध्वज अजून निघतात. जिचं तोंड तीन-चार दशकांपूर्वी बुजलं त्या खाणीचा ध्वज, कोळशाला कधी हात न लावलेली नातवंडं खांद्यावर घेतात. जुने फाटले म्हणून वर्गणी काढून नवे विणले जातात. बापजाद्यांचं काम पोरांनी असं खांद्यावर पेललं आहे. याला नुसतं स्मरणरंजन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वेल्समध्ये आठवण राजकारण झाली. ट्रेवेरिन नदीच्या खोऱ्यातलं कापेल केलिन : प्रार्थनामंदिर, शाळा, पोस्ट, डझनभर घरं आणि मळे, आणि सगळीकडे वेल्श भाषा. लिव्हरपूलला पाणी हवं होतं. १९५६ मध्ये गावकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून चालत गेले. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ जणांनी विधेयकाला विरोध केला, तरी १९५७ मध्ये ते मंजूर झालं. १९६५ मध्ये धरण भरलं. कब्रस्तानातली काही थडगी हलवली, बाकीच्यांवर काँक्रीट ओतलं. रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर ट्रेवेरिनची आठवण ठेवा, असे दोन वेल्श शब्द कुणीतरी रंगवले होते. २०१९ मध्ये ती भिंत पाडली गेली तेव्हा लोकांनी ती रचली आणि वेल्सभर भिंतींवर तेच शब्द उमटले. लिव्हरपूलने २००५ मध्ये माफी मागितली. मराठी वाचकाला इथे १९२१ चा मुळशीचा सत्याग्रह आठवल्याशिवाय राहणार नाही : गाव आपलं, वीज मुंबईची. बुडालेल्या गावाची आठवण तीव्र असते, कारण तिथे जाऊन खात्री करून घेता येत नाही.

ऐंशीच्या दशकात खाणी-कारखाने बंद पडत होते आणि संग्रहालयं उघडत होती. रॉबर्ट ह्युइसन यांनी १९८७ मध्ये वारशाचा हा कारखानाच झाला आहे म्हणून टीका केली : देश वस्तू बनवायचं सोडून भूतकाळ बनवू लागला. या टीकेला सर्वांत जिव्हाळ्याचं उत्तर राफेल सॅम्युअलने १९९४ मध्ये दिलं. रस्किन कॉलेजात कामगारांना इतिहास लिहायला शिकवणारा हा माणूस. जुने फोटो जमवणारे, गल्लीची पुस्तिका छापणारे, वाफेचं इंजिन दुरुस्त करणारे, हे सगळे त्याच्या लेखी इतिहासकारच होते. मी सॅम्युअलच्या बाजूचा आहे. १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांवर स्टेशनं आणि पाच हजार मैल लोहमार्ग बंद करायला सांगितले. पण त्याआधीच, १९५१ मध्ये, वेल्समधली टालिथ्लिन ही छोटी रेल्वे हौशी लोकांनी स्वतः चालवायला घेतली होती. तिथे रविवारी कोळसा फावड्याने ओढणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या आठवणीत काम आहे. माझ्या कसोटीला तो उतरतो.

बीबीसीने १९८६ मध्ये, डोम्सडेला नऊशे वर्षं झाली म्हणून, देशभरच्या शाळांना आपापला परिसर लिहायला लावला. दहा लाखांवर लोकांनी भाग घेतला. माहिती मोठ्या लेझर तबकड्यांवर भरली. ती वाचणारं यंत्र इतकं महाग, की बहुतेक शाळांना परवडलं नाही, आणि पंधरा वर्षांत तबकड्या वाचेनाशा झाल्या. मूळ डोम्सडे चामड्यावर शाबूत होतं. महत्प्रयासाने नवी माहिती सोडवून २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. मुलांनी काय लिहिलं होतं? डब्यात काय होतं, दुकानात कशाची किंमत किती, सुट्टीत काय खेळलो. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटलं असेल, पण डुकरं मोजणाऱ्या राजाच्या कारकुनांनी ते लगेच ओळखलं असतं.

एक पोकळी मात्र या साऱ्या आठवणींत फार काळ राहिली. वाड्याचे पैसे आले कुठून? १८३३ च्या कायद्याने गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्या नोंदी खुल्या केल्यावर कितीतरी गावांना आपला दानशूर जमीनदार नव्याने कळला. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतींशी आणि गुलामीशी असलेले धागे छापले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत सेझिनकोट नावाचं मुघली घुमटाचं घर ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशावर उभं आहे. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा वकील असलेला चार्ल्स मॅलेट मायदेशी परतल्यावर विल्टशरमधल्या विल्बरी हाउसचा धनी झाला. त्या घराच्या इतिहासात आपल्या शनिवारवाड्याचा एक चिरा आहे.

आणि उलट दिशेने आलेली माणसं? ब्रॅडफर्डमध्ये ऐंशीच्या दशकात गिरणी कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, त्यात यॉर्कशरच्या विणकरणींबरोबर रात्रपाळी करणारे दक्षिण आशियाई कामगारही बोलले. एकाच मागावर दिवसा एक भाषा, रात्री दुसरी. हॉस्किन्सचा विभाग ज्या लेस्टरमध्ये निघाला, तिथे आज बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची आणि दागिन्यांची दुकानं आहेत. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या कुटुंबांची नातवंडं तिथे लहानाची मोठी झाली. त्यांच्या आठवणींतलं जुनं लेस्टर म्हणजे थंडीतला बसस्टॉप आणि होजिअरीच्या कारखान्याचा भोंगा.

शेवटी वॉन्टेज. तेव्हाच्या बर्कशरमधलं हे लहानसं बाजारगाव. राजा आल्फ्रेडचं जन्मस्थान म्हणून त्याचा पुतळा १८७७ मध्ये चौकात बसवला. सहा वर्षांनी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांना घेऊन तिथल्या सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात उतरल्या. आनंदीबाईंनी तिथेच जीव दिला. सप्टेंबरच्या अखेरीस रमाबाईंनी त्याच गावात बाप्तिस्मा घेतला. मठात राहायचं कसं, याचा करार साधा होता. जोगिणी त्यांना इंग्रजी शिकवणार, आणि पुण्याच्या मिशनवर जायच्या जोगिणींना रमाबाई मराठी शिकवणार. आल्फ्रेडच्या गावात त्या वर्षी मराठीचा तास भरत होता.